विळी-सुरीची पारख

(मंडळाच्या वर्धापनदिनी भरलेल्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी कोणी तरी शिकल्यासवरल्या बाई येतात आणि आपल्याला चार चांगल्या गोष्टी ऐकवतात. यंदा कार्यवाहताईंनी मलाच उभे केले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, चारचौघींत उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा शब्द अडखळले तर सांभाळून घ्यावे. विषय मात्र मी स्वतः मागून घेतला : विळी आणि सुरी. हसू नका. गेल्या माघात जे घडले ते आपल्यापैकी निम्म्या जणींनी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि उरलेल्या निम्म्या जणींनी ते तिखटमीठ लावून ऐकले आहे. ते माझ्याच तोंडून एकदा सरळ सांगून टाकावे, म्हणून उभी राहिले.

आपले मंडळ बारशाच्या, डोहाळजेवणाच्या जेवणाची कामे घेते आणि त्यातून चार मुलींची फी भरते. भाज्या चिरण्याचे काम बहुधा माझ्याकडे. माझा भाचा पुण्यास एका हॉटेलात आचारी आहे. त्याच्याजवळ जपानी बनावटीची सुरी मी पाहिली. टोमॅटोची चकती अशी काढायचा की तिच्यातून पलीकडचे दिसावे. माझे मन त्या सुरीवर बसले. दिवाळीपूर्वीच्या सभेत मी हट्ट धरला, की मंडळासाठी तशा दोन सुऱ्या घ्याव्यात. दोन्ही मिळून साडेतेरा हजार रुपये पडले. खजिनदार काकूंनी तेव्हा नुसता चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले होते. ते पाहणे मी अजून विसरले नाही.

माघात एकशेवीस पानांचे डोहाळजेवण होते. लाल भोपळा चिरायला मी घेतला. सुरी अर्ध्यावर गेली आणि अडकली. विळीवर बसून आयुष्य गेलेली मी. अडकले की हाताने पिळायचे ही सवय. सुरी पिळली. 'टच्' असा बारीक आवाज झाला. बाहेर काढून पाहते तो धारेतून करंगळीच्या नखाएवढी खाप उडालेली! आणि तोवर निम्मा भोपळा चिरून पातेल्यात पडलेला, त्यावर फोडणी बसलेली.

मग जी धावपळ झाली ती आपण जाणताच. माझ्या मुलीने घरून चुंबक आणला. तो पिशवीत घालून आम्ही भाजीतून फिरवला. एक तुकडा लागला. तो खापेत बसवून पाहिला तर खाप मोठी आणि तुकडा लहान. म्हणजे आणखी एखादा कण कुठे तरी असलाच पाहिजे. कोणी म्हणाले, गाळून घेऊ. कोणी म्हणाले, गाईला घालू. मी म्हटले, गर्भार मुलीच्या पानात जे वाढवत नाही ते मुक्या जनावराच्या पोटात कसे घालायचे? शेवटी ती सगळी भाजी माडाच्या आळ्यात खड्डा करून पुरली, आणि ऐन वेळी बटाट्याच्या काचऱ्या करून पाने वाढली. यजमानांना अध्यक्षबाईंनी खरे ते सांगितले. त्यांनी समजूतदारपणे घेतले, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती सुरी मी ह्यांच्यापुढे ठेवली. आमचे हे वीस वर्षे कारखान्यात टर्नर आहेत, लोखंड-पोलाद त्यांच्या रोजच्या हातातले. मी म्हटले, एवढे पैसे घेऊन दुकानदाराने फसवले. सुरी उलटसुलट करून हे म्हणाले, "फसवलेले नाही. सुरी उत्तम आहे. तुला तिचा स्वभाव ठाऊक नव्हता." मला राग आला. पण मग रोज रात्री जेवणे झाल्यावर ते थोडे थोडे सांगत गेले आणि मी वहीत टिपत गेले. त्यातले मला जे कळले तेवढेच सांगते.

लोखंडात अगदी थोडा कोळसा, म्हणजे कार्बन मुरला की त्याचे पोलाद होते. किती थोडा? शंभर भागांत अर्धा भाग, फार तर एक-दीड भाग. एवढ्यावर सगळा खेळ. कार्बन फारच कमी असला तर पाते मऊ राहते, धार लावली की दुपारपर्यंत वळते. वाढवला तर पाते कडक करता येते आणि धार टिकते. पण जसजसे कडक होत जाते तसतसा चिवटपणा कमी होतो. कडकपणा आणि चिवटपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. चिक्की कडक असते, दातांनी दबत नाही, पण आपटली की तुकडे. पोळी चिवट असते. दुमडा, पिळा, तुटणार नाही, पण तिने काही कापायचे म्हटले तर होईल का? आपल्याला पाते हवे ते ह्या दोहोंच्या मधले. कामाप्रमाणे थोडे इकडे किंवा थोडे तिकडे.

कडकपणा मोजण्याचे रॉकवेल नावाचे यंत्र असते. त्यात हिऱ्याचे टोक दीडशे किलोच्या भाराने पोलादावर दाबतात आणि ते किती खोल रुतले त्यावरून आकडा काढतात. बाजारातल्या साध्या स्टेनलेस सुरीचा आकडा बावन्न-चोपन्नाच्या आसपास असतो. जर्मन पद्धतीच्या सुऱ्यांचा पंचावन्न ते अठ्ठावन्न. त्यांच्या पोलादात शंभरात अर्धा भाग कार्बन आणि पंधरा भाग क्रोमियम असते. माझ्या त्या जपानी सुरीचे पोलाद व्हीजी-१० नावाचे. त्यात कार्बन एक भाग, म्हणजे जर्मनच्या दुप्पट, आणि कडकपणा साठ-एकसष्ट. आकड्यांत फरक पाचसहाचाच दिसतो, पण पात्याच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा. शिवाय जपानी सुरीची धार निमुळती, पातळ काढलेली असते. म्हणून तर टोमॅटो तसा चिरतो. पातळ आणि कडक पात्याला सरळ खाली दाबणे सोसते, आडवा पीळ सोसत नाही. भोपळा, सुरण, नारळ, फणस, सुरमईचे डोके ही तिची कामेच नव्हेत. हे कोणी तरी मला साडेतेरा हजार देण्याआधी सांगायला हवे होते. खरे म्हणजे मी विचारायला हवे होते.

आता आपली विळी. माझी विळी माझ्या आईची. माहेरच्या गावात दर उन्हाळ्यात घिसाडी पाल टाकून बसत. त्यांच्यातल्या एकाने लॉरीच्या मोडक्या कमानीचा पाटा तापवून ठोकून तिचे पाते केले. कमानीचा पाटा कशासाठी असतो? लाखो खड्ड्यांतून वाकून पुन्हा सरळ व्हायचे, पण मोडायचे नाही. म्हणजे ते पोलाद मुळातच चिवट जातीचे, त्यात कार्बन सहादशांशाच्या आसपास. त्या विळीवर आईने फणस फोडले, सुरण कापले, वाकून वाकून चाळीस वर्षे घर चालवले. पाते झिजून निम्मे झाले, पण कधी खाप उडाली नाही. धार मात्र आठवड्याला निसण्यावर परजावी लागते. आईला ते कधी कामच वाटले नाही. संध्याकाळची दिवाबत्ती तशी शनिवारची धार.

विळीचा आणखी एक गुण माझ्या ध्यानात आला, तो ह्यांनीही कबूल केला. सुरी प्रत्येक कापाला खाली फळीवर आपटते, विळीचे पाते कशावरच आपटत नाही. भाजी पात्यावर येते, पाते जागच्या जागी. म्हणून विळीला तितके कडक पोलाद नसले तरी चालते. आपण भाजी पिळतो, पाते नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी हे कुठल्या यंत्रावर मोजले नव्हते.

पण विळीची सगळीच स्तुती करीत नाही. साधे पोलाद गंजते. कैरी, लिंबू, कोकम त्यावर चिरले की पाते काळवंडते आणि फोडीही. केळफुलाचे आणि कच्च्या केळ्याचे तसेच. त्यांच्यातल्या तुरट रसाची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग होतो. लोणच्याच्या कैऱ्यांसाठी म्हणूनच स्टेनलेसचे पाते बरे. ह्या न गंजणाऱ्या पोलादाची गोष्टही गमतीची. १९१३ साली इंग्लंडात शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून निरनिराळी पोलादे करून पाहत होता. त्यातल्या एकात शंभरात तेराच्या जवळ क्रोमियम पडले होते आणि ते गंजेना. त्याने त्याच्या सुऱ्या करवल्या, तर गावातले सुऱ्या करणारेच हसले, की ह्या न कापणाऱ्या सुऱ्या! त्यांचे अगदीच चुकले नव्हते. ते पोलाद कसे तापवावे आणि कसे थंड करावे हे लोकांना कळायला काही काळ गेला. आणि 'स्टेनलेस' म्हणजे कधीच डाग पडत नाही असेही समजू नका. मीठ आणि ओल रात्रभर राहू दिली तर त्यालाही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

ह्या तापवण्या-थंडावण्याचे मला फार महत्त्व वाटते, कारण तिथे मी एकदा सपाटून मार खाल्ला आहे. नुसते पोलाद चांगले असून भागत नाही, लोहाराने त्याला पाणी कसे दिले ह्यावर सारे अवलंबून. पाते लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते काचेसारखे कडक होते. तसेच ठेवले तर पडताक्षणी फुटेल. म्हणून ते पुसून पुन्हा हलके तापवतात. पात्यावर रंग चढत जातात : आधी फिकट गवती, मग सोनेरी, मग जांभळा, मग निळा. हव्या त्या रंगाला थांबवायचे. आपला पाक जसा एकतारीचा दोनतारी कधी होतो हे डोळ्यांना कळावे लागते, तसेच ते. निळ्यापर्यंत गेले की चिवटपणा पुष्कळ आला, पण कडकपणा बराच उतरला.

माझे लग्न होऊन वर्ष झाले असेल. आईने विळी मला दिली ती त्याच वर्षी. आमच्या घरी पहिलाच फणस फोडला. तेल लावायला विसरले आणि पाते चिकाने माखले. कोणी पाहू नये म्हणून घाईघाईने पाते गॅसच्या ज्योतीवर धरले, चीक जळून जावा म्हणून. चीक जळला, आणि पात्यावर सुंदर निळा रंग आला. मी खूश! दोन दिवसांत विळी कोथिंबीरही चिरेना. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आई आली तेव्हा तिने पाते उजेडात धरले आणि म्हणाली, "अगो, पाणी उतरवलंस तिचं." मग गावी नेऊन लोहाराकडून पुन्हा पाणी देववले. फणसाचा चीक काढायचा तर खोबरेल तेलाचा बोळा पुरतो, हे त्या दिवशी शिकले.

धारवाल्याकडेही ह्याच कारणासाठी लक्ष ठेवावे. सायकलीवरच्या कोरड्या चाकावर तो पाते जोराने दाबतो, ठिणग्या उडतात, मुले टाळ्या पिटतात. पण धारेच्या कडेला निळी रेघ उमटली तर तेवढी कड मऊ झाली असे समजावे. त्याच्याशी भांडू नये. तो घाईत असतो, त्याचे पोट किती सुऱ्या होतात त्यावर. पाण्याचा तांब्या समोर ठेवावा आणि म्हणावे, दादा, जरा बुडवत बुडवत लावा, पाच रुपये जास्त घ्या.

पोलादाची ही विद्या आपल्या देशाला जुनी आहे, हे वहीत लिहिताना मला नवल वाटले. तेलंगणातल्या कोनसमुद्रम् सारख्या गावी मुशीत लोखंड आणि पालापाचोळा घालून, तोंड बंद करून, पोलादाच्या गोळ्या करीत. त्या इराणपर्यंत जात. इंग्रज त्याला 'वूट्झ' म्हणत. चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करता येते हे शोधणारा मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. त्याने १८२० च्या सुमारास हे पोलाद कसे होते ते शोधण्यासाठी पुष्कळ प्रयोग केले. त्यात कार्बन दीड भागापर्यंत, म्हणजे माझ्या जपानी सुरीपेक्षाही जास्त. युरोपातल्या लोहारांना ते ठोकता येईना. नेहमीसारखे खूप तापवले की घणाखाली त्याचा भुगा होई. बेताच्या आचेवर, हळूहळू ठोकावे लागते, हे त्यांना ठाऊक नव्हते. वाचून मला जरा बरे वाटले. चांगले पोलाद हाती येऊन ते बिघडवणारी मी पहिली नव्हे.

आता विकत घेताना काय पाहावे. दुकानदाराला यंत्र मागता येत नाही. मी पर्समध्ये एक चुंबक ठेवते. आपल्या ताट-वाट्यांचे चांगले स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही, आणि ते तापवून बुडवून कडकही होत नाही. त्याची सुरी केली तर धार टिकणार नाही. म्हणून पात्याला चुंबक न लागला तर ती सुरी खाली ठेवावी. लागला म्हणून ती चांगलीच असेही नाही, पण निदान पहिली पायरी झाली. दुसरी परीक्षा कानशीची. पात्याच्या मुळाशी, जिथे दिसत नाही तिथे, बारीक कानस हलकेच ओढावी. लोण्यात शिरल्यासारखी शिरली तर पाते मऊ, निसटून गेली तर कडक. अर्थात दुकानात हे करू देत नाहीत, विळीवाला लोहार मात्र हसत हसत करू देतो.

पैशाचा हिशेब मी असा मांडला. साठ-सत्तर रुपयांची स्टेनलेस सुरी माझ्या हाती दोन-तीन दिवसांत बोथट होते, पण चिनी मातीच्या बरणीच्या बुडाची न झिलईदार कडा असते ना, तिच्यावर पाचसहा वेळा ओढली की पुन्हा चालते. वाकली, पडली तरी जीव हळहळत नाही. जर्मन पद्धतीची हजार-दीड हजाराची सुरी मी शेजारच्या वहिनींकडून महिनाभर आणून वापरली. आठवडाभर नीट चालते, भोपळ्यालाही घाबरत नाही. जपानी सुरी दीड महिना धारेला हात लावू देत नाही, पण एकदा बोथट झाली की तिला सपाट पाण्याचा दगड आणि सबुरी हवी, बरणीच्या कडेवर ती नेऊ नये. आणि आईची विळी आठवड्याला दोन मिनिटे मागते. लोहाराकडे नवी घेतली तर तीन-साडेतीनशेला मिळते. माझे मत विचाराल तर आपल्यासारख्या घरात एक लोहाराची विळी आणि आंबटासाठी एक साधी स्टेनलेस सुरी, एवढ्याने सगळे भागते. पाठीला किंवा गुडघ्याला खाली बसणे सोसत नसेल त्यांनी ती मधली, जर्मन पद्धतीची सुरी घ्यावी आणि लाकडी फळीवरच चिरावे. कडप्प्याच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरू नये. ओटा झिजत नाही, धार मरते. मेथी-पालक धुऊन मगच चिरा, मातीचे बारीक कण दगडासारखे धार खातात. आणि बोथट पात्याला कमी भिऊ नका. ते घसरते, कारण आपण जोर लावतो. गेल्या गणपतीत आपल्या एका सभासद ताईंच्या बोटाला चार टाके पडले ते धारेच्या सुरीने नव्हे, बोथट सुरीने. शिवाय बोथट पाते कांदा चिरत नाही, चेचते, म्हणून डोळ्यांतून जास्त पाणी येते.

त्या दोन सुऱ्यांचे काय झाले, हे राहिले. पैसे भरून देते असे मी सभेत म्हटले, ते खजिनदार काकूंनी घेतले नाहीत. "सुरी आहे ना? मग तिचे काम शोध," म्हणाल्या. भाच्याने खाप निघेपर्यंत धार घासून आणली. सुरी दोन दोरे अरुंद झाली आहे. आता दोन्ही सुऱ्या कोशिंबिरीच्या टेबलावर असतात : काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, एवढेच त्यांचे काम. भोपळा आणि सुरण मी विळीवर घेते, आणि फोडणीपूर्वी पाते उजेडात धरून सगळ्या धारेवरून नजर फिरवते. मंडळाची कामे करणाऱ्या प्रत्येकीने एवढे करावे अशी माझी विनंती आहे. अध्यक्षबाईंची परवानगी असेल तर आजपासूनच तसे ठरवू या.

धारवाला दर शुक्रवारी चारच्या सुमारास आमच्या गल्लीत येतो. पाण्याचा तांब्या घेऊन मी दारात बसलेली असेन. आपापल्या विळ्या घेऊन या. येताना पाते जाड फडक्यात गुंडाळून आणा, आणि लहान मुलांना घरी ठेवून या.